कात्रजपर्यंतचा मेट्रो बोगदा सातारा-सांगलीच्या प्रवाशाच्या किती कामाचा?

साताऱ्याहून, वाईहून किंवा कराडहून पुण्याला निघालेल्या एसटीसाठी पुणं कात्रजलाच सुरू होतं. खंबाटकी ओलांडली, शिरवळ मागे पडलं, कात्रजचा बोगदाही पार करून कात्रज गाठलं की पुढचे सहाएक किलोमीटर गाडी सिग्नलमागून सिग्नल मोजत स्वारगेट गाठते. याच पट्ट्याखालून ५.४६ किलोमीटरचा भुयारी मेट्रो मार्ग होणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने १६ ऑगस्ट २०२४ रोजी त्याला मंजुरी दिली, तेव्हाचा खर्च २,९५४ कोटी ५३ लाख रुपये. पायाभरणी २९ सप्टेंबर २०२४ ला झाली आणि काम २०२९ पर्यंत पुरं करायचं उद्दिष्ट आहे.

आपल्याकडे यावर दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणतं, पुण्याचे लाड पुरवायला तीन हजार कोटी आहेत, आमच्या रस्त्यांना मात्र नाहीत. दुसरं म्हणतं, कात्रजला मेट्रो आली म्हणजे सातारा पुण्याला जोडला गेला. मत बनवायचं तर या मार्गाशेजारी दोन पर्याय ठेवून पाहावे लागतात: त्याच सातारा रस्त्यावर बससाठी राखीव मार्गिका, आणि पुणे–मिरज रेल्वेचं दुहेरीकरण. तिन्हींचे लाभार्थी वेगवेगळे आहेत.

किलोमीटरमागे किती?

| मार्ग | प्रकार | लांबी (किमी) | खर्च (कोटी रु.) | दर किमी (सुमारे, कोटी रु.) |
|---|---|---|---|---|
| पिंपरी–निगडी | उन्नत (खांबांवरून) | ४.४१ | ९१० | २०६ |
| वनाज–चांदणी चौक आणि रामवाडी–वाघोली | उन्नत | १२.७५ | ३,६२६ | २८४ |
| जिल्हा न्यायालय–स्वारगेट | भुयारी | ३.६३ | १,८१० | ४९९ |
| स्वारगेट–कात्रज | भुयारी | ५.४६ | २,९५४ | ५४१ |

निगडीच्या मार्गाशी तुलना केली तर कात्रजचा किलोमीटर अडीच पटीहून महाग पडतो, आणि विरोधाचा मुख्य मुद्दा हाच असतो. पण उन्नत आणि भुयारी मार्गांची किंमत एकमेकांशी ताडून काही हाती लागत नाही. तिसरी ओळ पाहा. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी तुकडा बांधून झाला आहे, २९ सप्टेंबर २०२४ पासून त्यावर गाड्या धावतात, आणि तोही किलोमीटरला पाचशे कोटींच्या घरातच गेला. कात्रजचा मंजूर आकडा त्याच्या आसपासचा आहे, फुगवलेला नाही.

मग खांबांवरून का नेला नाही? सातारा रस्त्यावर धनकवडीजवळ शंकर महाराज उड्डाणपूल आहे, मध्यभागी बीआरटीची, म्हणजे बससाठी राखीव, मार्गिका आहे, आणि दोन्ही बाजूंना इमारती रस्त्याला भिडल्या आहेत. पुलाच्या वरून न्यायचं तर स्थानकं सहा-सात मजल्यांच्या उंचीवर जातात. पूल पाडायचा तर काही वर्षं हा रस्ता बंदच समजावा, आणि तोच आपल्या गाड्यांचा रस्ता आहे. त्यामुळे भुयारी हा निर्णय महाग असला तरी चुकीचा वाटत नाही.

खर्च तिथेच थांबलेला नाही. मूळ आराखड्यात तीनच स्थानकं होती, म्हणजे दोन स्थानकांत सरासरी पावणेदोन-दोन किलोमीटर अंतर. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये बालाजीनगर आणि बिबवेवाडी ही दोन स्थानकं वाढवायला आणि कात्रजचं स्थानक दक्षिणेकडे सरकवायला मंजुरी दिली. त्यासाठी आणखी सुमारे ६८३ कोटी. दोन्ही आकडे मिळवले तर किलोमीटरला साडेसहाशे कोटींच्या वर जातं. तरीही ही वाढ योग्य आहे. भुयारी मेट्रोत बोगद्याचा पैसा एकदा गेला की प्रवासी आणून देतात ती स्थानकंच. पावणेदोन किलोमीटरवर एक स्थानक म्हणजे मधल्या वस्तीतल्या माणसाला जवळपास एक किलोमीटर चालावं लागणार. तो चालत नाही, दुचाकी काढतो. पाच स्थानकांमुळे हे अंतर सरासरी ११०० मीटरवर येतं. भारती विद्यापीठात शिकणाऱ्या सांगली-साताऱ्याच्या मुलांना बालाजीनगर आणि कात्रज ही दोनच स्थानकं खरी उपयोगाची आहेत, आणि त्यांतलं एक आधी आराखड्यातच नव्हतं.

जमिनीखाली काय अडतं

२०२९ ही तारीख गृहीत धरून कुणी घराचा किंवा नोकरीचा बेत आखत असेल तर पहिल्या टप्प्यातल्या, स्वारगेटपर्यंतच्या भुयारी मार्गाकडे पाहावं. त्या मार्गाचं बोगदा खोदकाम जून २०२२ मध्ये पूर्ण झालं, आणि स्वारगेटला पहिला प्रवासी उतरला सप्टेंबर २०२४ अखेरीस. खोदणारं यंत्र पलीकडे निघाल्यावरही सव्वादोन वर्षं गेली. रूळ, विजेची तार, सिग्नल, हवा खेळती ठेवायचे पंखे, आग विझवण्याची व्यवस्था, सरकते जिने आणि शेवटी सुरक्षा आयुक्तांची तपासणी, हे सगळं त्यानंतरचं काम असतं. वर्तमानपत्रात ‘बोगदा पूर्ण’ असा मथळा आला की तिथून दोन वर्षं मोजावीत.

बोगदा खोदताना वरच्या रस्त्याला फारसा त्रास होत नाही, त्रास स्थानकांचा होतो. प्रत्येक स्थानकासाठी दीडशे-दोनशे मीटर लांबीचा खड्डा वरून खाली खणावा लागतो. त्याआधी त्या जागेतल्या पाण्याच्या, सांडपाण्याच्या वाहिन्या, विजेच्या आणि फोनच्या केबल हलवाव्या लागतात, आणि वेळापत्रक बहुधा पहिल्यांदा इथेच कोलमडतं, कारण जुन्या वाहिन्या नकाशावर एकीकडे आणि जमिनीत दुसरीकडे असतात. खाली काळा पाषाण आहे. अखंड बेसाल्ट असेल तर यंत्र संथ पण बिनघोर चालतं. अडचण येते ती जिथे यंत्राच्या तोंडासमोर खालच्या अर्ध्यात पक्का दगड आणि वरच्या अर्ध्यात मुरूम-माती असते. दगडावर जोर लावताना माती जास्त ओढली जाते आणि वर जमीन खचण्याची भीती असते. ओढ्या-नाल्यांच्या जुन्या पात्राखाली अशी जमीन हमखास सापडते.

आणि इथे ओढा आहे. आंबिल ओढा कात्रजच्या तलावाकडून निघून धनकवडी, पद्मावती, सहकारनगर असा उतरत मुठेला मिळतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याच्या पुराने माणसं वाहून गेली, भिंती पडल्या. पेशव्यांच्या काळात याच कात्रजहून उताराचा फायदा घेत बंदिस्त दगडी नळातून शनिवारवाड्यापर्यंत पाणी नेलं होतं. जमिनीचा उतार तोच आहे. पाणी कात्रजकडून स्वारगेटकडे येणार, आणि वाटेत भोक दिसलं तर त्यात शिरणार. म्हणून भुयारी स्थानकाचं प्रवेशद्वार पूररेषेच्या वर उचललेलं हवं, आधी दोन-चार पायऱ्या चढून मगच खाली उतरायचं, दारात पूररोधक फळ्या बसवायच्या खाचा हव्यात, पंप आणि त्यांची वीज वरच्या पातळीवर हवी. आराखडा बघायला मिळाला तर स्थानकांच्या सुंदर चित्रांऐवजी आधी प्रवेशद्वाराची उंची पाहावी.

त्याच रस्त्यावरची बस

बसच्या राखीव मार्गिकेचा पर्याय केवळ कागदावरचा नाही. देशातली पहिली प्रायोगिक बीआरटी याच रस्त्यावर, कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर, डिसेंबर २००६ मध्ये सुरू झाली. ती फसली, आणि का फसली हे कळल्याशिवाय ‘मेट्रोऐवजी बस’ म्हणता येत नाही.

मार्गिका सलग नव्हती. चौक आला, पूल आला की बस पुन्हा सगळ्या गर्दीत मिसळायची, म्हणजे मधे कमावलेली मिनिटं तिथेच जायची. थांबे रस्त्याच्या मध्यभागी, पण तिथवर पोचायला धड ओलांडमार्ग नव्हते. बंदिस्त थांबा, बसच्या पायरीइतका उंच फलाट, आधीच काढलेलं तिकीट, या गोष्टी नव्हत्या. त्यामुळे चढ-उतारात वेळ जायचाच. त्यात राखीव मार्गिकेत दुचाकी आणि मोटारी घुसत राहिल्या. अहमदाबादने २००९ मध्ये ‘जनमार्ग’ ही आपली बीआरटी सुरू केली ती बंदिस्त स्थानकांसह, आणि तिथे ती व्यवस्था रुजली.

चांगली चालवलेली बीआरटी किती माणसं नेईल? दर मिनिटाला एक बस, प्रत्येकीत सत्तर जण, म्हणजे तासाला एका दिशेने ४,२००. मेट्रोच्या तीन डब्यांच्या गाडीत साधारण नऊशे माणसं मावतात. सहा मिनिटांना एक गाडी धरली तर तासाला ९,०००, आणि पुढे गाड्या वाढवून किंवा डबे जोडून हा आकडा आणखी वाढवता येतो. बसला ती सोय नाही. सिग्नलवर दोन मिनिटांचा फेरा असेल तर मिनिटाला एकाहून जास्त बस सोडल्या की त्या एकमेकींच्या मागे तुंबतात. ‘तीन हजार कोटीत किती बस आल्या असत्या’ हा भागाकार म्हणून फसवा आहे. बस विकत घेणं सोपं, त्यांना रस्ता मोकळा ठेवणं अवघड.

तरीही बसचा मुद्दा सोडून देऊ नये. बोगदा होईपर्यंतची वर्षं इथे बसच आहे, आणि स्थानकांच्या खड्ड्यांमुळे रस्ता आणखी अरुंद होणार. मार्केट यार्ड ते कात्रज हा पट्टा गर्दीच्या वेळी बस आणि एसटीसाठी राखून ठेवला, कॅमेऱ्याने दंड लावला, तर अगदी थोड्या खर्चात रोजची दहा-पंधरा मिनिटं वाचू शकतात. मेट्रोच्या कामाच्या निविदेतच वाहतूक नियोजनाचा भाग म्हणून ही अट असायला हवी.

रेल्वे: कराडच्या पुढच्यांचा खरा मार्ग

पुणे–मिरज या सुमारे २८० किलोमीटरच्या मार्गाचं विद्युतीकरण झालं आहे आणि दुहेरीकरणाचे बहुतेक टप्पे पूर्ण झाले आहेत. एकेरी मार्गावर समोरून गाडी आली की स्टेशनात थांबून वाट पाहावी लागे, ते आता कमी होत आहे. सप्टेंबर २०२४ पासून कोल्हापूर–पुणे वंदे भारत मिरज, सांगली, किर्लोस्करवाडी, कराड आणि सातारा इथे थांबते, पण आठवड्यातून तीनच दिवस.

सांगली-मिरजेच्या प्रवाशाने एक गोष्ट लक्षात घ्यावी: रेल्वेने जाणाऱ्याला कात्रजच्या मेट्रोची गरजच पडत नाही. पुणे स्टेशनवर वनाज–रामवाडी मार्गाचं मेट्रो स्थानक ऑगस्ट २०२३ पासून सुरू आहे, तिथूनच शहरभर जाता येतं. सांगलीसाठी कात्रजच्या बोगद्यापेक्षा सकाळी लवकर निघून दहाच्या आत पुण्याला पोचवणारी रोजची वेगवान गाडी कितीतरी मोलाची आहे, आणि दुहेरी मार्ग तयार होत असताना ती मागणं रास्तही आहे.

सातारकराचं गणित मात्र उलटं आहे. रेल्वे लोणंद, नीरा, जेजुरीच्या बाजूने वळसा घालून जाते. रुळांवरून पुणं सुमारे १४५ किलोमीटर, रस्त्याने एकशेदहाच्या आसपास. शिवाय सातारा स्टेशन गावाबाहेर माहुलीच्या बाजूला आहे, तिथवर रिक्षा किंवा बस करावी लागते. दर अर्ध्या तासाला स्टँडवरून सुटणाऱ्या एसटीची जागा रेल्वे घेणार नाही. त्यामुळे कात्रज मार्गाचा प्रश्न मुख्यतः सातारा, वाई, कोरेगाव आणि कराडच्या एसटी प्रवाशाचा आहे.

कात्रजला उतरायचं की बसून राहायचं?

सगळ्या वादाचा निकाल लागतो तो कात्रजला. सातारा–स्वारगेट विनाथांबा गाडीतला एक प्रवासी घ्या, हातात एक पिशवी, पाठीवर एक सॅक. कात्रजला उतरून त्याने मेट्रो धरायची ठरवली तर गाडीतून उतरून प्रवेशद्वारापर्यंत चालायला तीन-चार मिनिटं, जिना किंवा सरकता जिना, सामानाची तपासणी, तिकीट आणि फलाट मिळून आणखी चार-पाच, गाडीची वाट सरासरी तीन मिनिटं. मग पाच स्थानकांचा प्रवास दहा-अकरा मिनिटं. एकूण वीस-बावीस. एसटीत बसून राहिला तर दुपारी पंचवीसएक मिनिटांत तो स्वारगेटला पोचतो, तेही जागेवरून न उठता. संध्याकाळी याच अंतराला पाऊण तास लागू शकतो.

म्हणजे ज्याला स्वारगेटलाच उतरायचं आहे त्याला दुपारच्या वेळी मेट्रोने काहीच वाचत नाही, गर्दीच्या वेळी मात्र वीसेक मिनिटं वाचतात. ज्याला शिवाजीनगर, पिंपरी किंवा हिंजवडीकडे जायचं आहे त्याचा फायदा मोठा. त्याला स्वारगेटला एसटी सोडून मेट्रो धरावी लागतेच, ती अदलाबदल तो कात्रजला करेल इतकंच, आणि तिथून पिंपरीपर्यंत एकाच गाडीत जाईल. स्वारगेट ते पिंपरी हा मेट्रोचा प्रवास साधारण अर्ध्या तासाचा, त्यात कात्रजचे दहा-अकरा मिळवा.

पैशाचा भागही आहे. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत. मेट्रोचं भाडं सध्या दहा ते पस्तीस रुपये, आणि एसटीची सवलत तिथे चालत नाही. साताऱ्याहून अर्ध्या तिकिटात स्वारगेटपर्यंत जाणारी बाई कात्रजला उतरून वेगळे पैसे का भरेल? पुढे कुठे जायचं असेल तरच.

म्हणूनच एका शक्यतेला आपल्या भागातून आत्ताच स्पष्ट विरोध नोंदवायला हवा: मेट्रो आली की सगळ्या एसटी कात्रजलाच थांबवायच्या, ही सूचना. पुण्यातल्या कोंडीवर उपाय म्हणून ती कधीही पुढे येऊ शकते, आणि कागदावर तर्कशुद्ध दिसते. पण म्हातारी माणसं, दवाखान्याला आलेले रुग्ण, लग्नाचं सामान घेऊन निघालेलं कुटुंब, यांना जमिनीखाली उतरून बदली करायला लावणं म्हणजे त्यांच्यावर दंड आहे. थांबा द्यावा, सक्ती नको. गाडी कात्रजला दोन मिनिटं थांबेल, ज्याला उतरायचं तो उतरेल, बाकीचे स्वारगेटला जातील.

असा थांबा द्यायचा तर जागा आत्ताच राखून ठेवावी लागेल. कात्रजला प्राणिसंग्रहालयाजवळ पीएमपीचं, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेचं, मोठं आगार आहे, चौकात उड्डाणपुलाची कामं आहेत. स्थानकाचं एक प्रवेशद्वार थेट एसटीच्या थांब्यावर उघडलं पाहिजे, आणि साताऱ्याकडून येणारी गाडी उलटा वळसा न घेता त्या थांब्यात शिरून पुन्हा मुख्य रस्त्यावर येऊ शकली पाहिजे. हे अंतर दोनशे मीटरच्या आत राहिलं तर वर मोजलेली वीस-बावीस मिनिटं खरी ठरतात. सहाशे मीटर झालं, मधे रस्ता ओलांडायला लागला, की हातात पिशवी असलेला माणूस उतरणारच नाही. साडेतीन हजार कोटींचा मार्ग साताऱ्यासाठी कामाचा की बिनकामाचा, हे त्या चारशे मीटरवर ठरेल.

आमचं मत असं: मार्ग व्हावा, पाचही स्थानकांसह व्हावा, आणि साताऱ्याच्या लोकप्रतिनिधींनी निधीच्या नावाने कुरकुरत बसण्यापेक्षा कात्रजच्या एसटी थांब्याचा आग्रह धरावा. पुण्याच्या मेट्रोत न गेलेला पैसा आपोआप कोरेगाव-खटावच्या रस्त्यांवर येत नाही, दोन्हींचे खिसे वेगळे आहेत. या मार्गात केंद्र आणि राज्याचा वाटा समान आहे आणि उरलेला मोठा भाग परदेशी वित्तसंस्थांच्या कर्जाचा, जो मेट्रो सोडून दुसरीकडे वळवता येत नाही.

एका अपेक्षेला मात्र आधीच कात्री लावावी. सातारा रस्ता यामुळे मोकळा होणार नाही. मेट्रोत गेलेल्या माणसांची जागा काही महिन्यांत नव्या मोटारी घेतात, हा सगळीकडचा अनुभव आहे. कोरेगावचं आलं, पुसेगावचा बटाटा घेऊन मार्केट यार्डला जाणाऱ्या टेम्पोला तीच गर्दी लागणार. मेट्रो गर्दी कमी करत नाही, गर्दीतून वेगळी वाट देते.

घर घेणाऱ्यासाठी

कात्रज, आंबेगाव, धनकवडीत घर बघणारी आपल्याकडची कुटुंबं पुष्कळ आहेत. एप्रिल २०२२ पासून पुण्यात मुद्रांक शुल्कासोबत घराच्या किमतीच्या एक टक्का मेट्रो अधिभार आहे. साठ लाखांच्या घराला साठ हजार रुपये. म्हणजे मेट्रो येवो न येवो, तुमचा वाटा तुम्ही भरता. पण ‘मेट्रोपासून पाच मिनिटं’ म्हणून बिल्डर चौरस फुटामागे जास्तीचे पैसे मागत असेल तर ते कोणत्या स्थानकाच्या कोणत्या प्रवेशद्वारापासून, हे लेखी विचारावं. कात्रजचं स्थानक एकदा सरकलेलं आहे. चालण्याचं अंतर स्वतः चालून मोजावं, चढासकट, कारण कात्रजच्या बाजूला चढ आहे आणि येताना तोच पुन्हा लागतो.

रात्रीचं काय, हेही विचारून ठेवावं. मेट्रो सकाळी सहा ते रात्री अकरापर्यंत चालते. साताऱ्याहून रात्री नऊनंतर सुटलेली गाडी कात्रजला पोचेपर्यंत शेवटची मेट्रो निघून गेलेली असेल, आणि पहाटे तीन-साडेतीनला निघणाऱ्या गाडीला पहिली मेट्रो सुरू झालेलीच नसेल. त्या वेळच्या गाड्या स्वारगेटपर्यंत जायलाच हव्यात. एसटीचं वेळापत्रक नव्याने आखताना पहिल्यांदा हाताळायची ओळ हीच.